चार एडिट मशीनसाठी शेअर्ड स्टोरेज लावायचंय, व्हेंडरचं कोटेशन बरोबर वाटतंय का?

कटपॉइंट_अंधेरी

नमस्कार मंडळी. अंधेरी वेस्टला वीरा देसाई रोडच्या आत आमचा छोटा पोस्ट सेटअप आहे, चार मशीन, तीन विंडोज आणि एक मॅक स्टुडिओ. एडिट सगळं प्रीमियर या सॉफ्टवेअरवर, ग्रेड म्हणजे रंगांचं काम मॅकवर रिझॉल्व्हमध्ये. काम म्हणाल तर एक मुलाखतींचा शो आहे, तीन कॅमेरे, तिन्ही सोनी एफएक्स थ्री, फोर के २५ फ्रेम, एक्सएव्हीसी एसआय या सोनीच्या फॉरमॅटमध्ये शूट होतो. मधूनमधून ॲड असतात आणि आता एका मराठी वेब सिरीजचं बोलणं चाललंय, ते जमलं तर फुटेज प्रोरेस या जड फॉरमॅटमध्ये येणार.

सध्या सगळं एक्स्टर्नल ड्राइव्हवर चालतं. असिस्टंट ड्राइव्ह घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असतो, एकाच एपिसोडच्या तीन-तीन कॉप्या होतात, लेटेस्ट कुठली ते ज्याने सेव्ह केली त्यालाच माहीत, आणि ग्रेडला प्रोजेक्ट उघडला की अर्धी टाइमलाइन लाल, मीडिया ऑफलाइन. मग रिलिंक, म्हणजे प्रत्येक फाइल कुठे आहे ते परत दाखवत बसा. टेलिकास्टच्या आदल्या रात्री हे सगळं फार जिवावर येतं.

एका व्हेंडरने कोटेशन दिलंय. ८ बेचं, म्हणजे आठ ड्राइव्ह बसणारं नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा स्टोरेजचा डबा), १२ टीबीचे ८ ड्राइव्ह रेड ५ मध्ये (एक ड्राइव्ह गेला तरी डेटा वाचतो अशी जोडणी), कॅशसाठी दोन एसएसडी, आणि साधा १ गिगाबिटचा स्विच. त्याचं म्हणणं नॅसचे दोन पोर्ट एकत्र बांधले की स्पीड डबल होईल, चौघं आरामात काम करतील. आमच्याकडे सिस्टिमचा माणूस कोणी नाही, जे काय सांभाळायचं ते मी आणि असिस्टंट. हे चालेल का, आणि नसेल चालत तर पैसे नेमके कुठे घालावे? बजेट ताणता येईल पण उडवता येणार नाही.

रॅक_आणि_केबल

कोटेशन जरा बाजूला ठेवा आणि आधी बेरीज करू, कारण तुमची टाइमलाइन सेकंदाला किती डेटा ओढते हे त्या व्हेंडरने विचारलेलंच दिसत नाही.

एक्सएव्हीसी एसआय फोर के २५ फ्रेमला सेकंदाला २५० मेगाबिट असतं, आठने भागलं (आठ बिटचा एक बाइट) की साधारण ३१ एमबी दर सेकंदाला. मल्टिकॅममध्ये तिन्ही कॅमेरे एकदम वाचले जातात, म्हणजे एका एडिटरला ९४ एमबी. १ गिगाबिटच्या लाइनवर प्रत्यक्षात हातात पडतात ११० ते ११५ एमबी. म्हणजे एकटा एडिटर बसला असेल तर कसंबसं भागेल, पण त्याच वेळी दुसऱ्याने प्ले दाबलं की दोघांचे फ्रेम ड्रॉप व्हायला लागणार, आणि तिसरा एक्स्पोर्ट करत असेल तर विचारूच नका.

वेब सिरीज आली तर अजून वेगळं. प्रोरेस ४२२ एचक्यू यूएचडीला (म्हणजे फोर के) २५ फ्रेमवर ७३७ मेगाबिट, म्हणजे एका स्ट्रीमला ९२ एमबी आणि तासाच्या फुटेजला जवळपास ३३० जीबी. प्रोरेस ४४४४ या अजून जड प्रकारात शूट केलं तर एका स्ट्रीमला १३८ एमबी, ते १ गिगाबिटमधून जाणारच नाही.

आता ते दोन पोर्ट बांधायचं. हे मी इतक्या कोटेशनमध्ये बघितलंय की राग येतो. लिंक ॲग्रिगेशनमध्ये, म्हणजे या बांधणीत, एका मशीनचं एक कनेक्शन एकाच वायरवरून जातं. चार मशीन असतील तर दोन या वायरवर दोन त्या वायरवर अशी वाटणी होऊ शकते, किंवा तिघं एकाच वायरवर येऊन बसू शकतात, ते तुमच्या हातात नसतं. पण कुठल्याही एका एडिटरला ११० च्या वर काही मिळत नाही. एसएमबी मल्टिचॅनल म्हणून एक प्रकार आहे त्यात खरंच दोन वायरींची बेरीज होते, पण त्याला मशीनच्या बाजूलाही दोन पोर्ट लागतात, त्यापेक्षा सरळ वरच्या स्पीडला जा.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. नॅस ते स्विच १० गिगाबिट. मॅक स्टुडिओला १० गिगाबिटचा पोर्ट मुळातच आहे, तो वापरा. तीन विंडोजना २.५ गिगाबिट, बऱ्याच नव्या मदरबोर्डवर तो असतोच, नसेल तर कार्ड स्वस्तात येतं. २.५ वर २८० एमबीच्या आसपास मिळतात, तीन कॅमेऱ्यांच्या मल्टिकॅमला ते भरपूर झाले. म्हणजे स्विच असा शोधायचा ज्यावर काही पोर्ट २.५ चे आणि निदान दोन १० चे असतील. पूर्ण १० गिगाबिटच्या स्विचपेक्षा हा बराच कमी पैशात येतो.

एसएसडी कॅश काढून टाका. नॅसमधली कॅश छोट्या छोट्या, पुन्हा पुन्हा लागणाऱ्या फाइलींसाठी चांगली, व्हिडिओ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाचला जातो, तिथे तिचा फायदा जवळजवळ दिसत नाही. तेच पैसे स्विचमध्ये घाला.

आणि रेड ५ नको, रेड ६, त्यात दोन ड्राइव्ह गेले तरी डेटा राहतो. एक ड्राइव्ह गेला की नवीन घातल्यावर रिबिल्ड होतो, म्हणजे गेलेल्या ड्राइव्हचा डेटा नव्यावर परत लिहिला जातो. १२ टीबी सेकंदाला २०० एमबीने लिहायचे म्हटले तरी सोळा-सतरा तास लागतात, आणि तेही कोणी काम करत नसेल तर. एडिट चालू ठेवून रिबिल्ड केलात तर ते कितीतरी लांबतं. या सगळ्या वेळात रेड ५ मध्ये दुसरा ड्राइव्ह खराब झाला की सगळं गेलं. आठही ड्राइव्ह एकाच लॉटचे, एकाच दिवशी लावलेले, सारखेच घासलेले असतात हे पण लक्षात घ्या. रेड ६ मध्ये जागा ७२ टीबी मिळेल, विंडोज ती ६५ दाखवेल, व्हेंडरशी भांडू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे. त्यातली पाचवा हिस्सा जागा कायम मोकळी ठेवायची, भरत आलेला ड्राइव्ह सुरुवातीच्या स्पीडने वाचत नाही.

ड्राइव्ह सीएमआर (डेटाचे ट्रॅक एकमेकांवर न चढवता लिहिणारे) आहेत ना हे डेटाशीटमध्ये वाचून घ्या. एसएमआरवाले (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारे) रिबिल्डमध्ये इतके मंदावतात की सिस्टिम कधी कधी चांगला ड्राइव्हसुद्धा खराब समजून बाहेर काढते.

प्रॉक्सी_वाला_दादर

रॅकभाऊंची बेरीज बरोबर आहे पण मला वाटतं कटपॉइंटना एवढ्या खर्चात पडायची गरज नाही. प्रॉक्सीवर, म्हणजे फुटेजच्या हलक्या कॉपीवर एडिट करा की. प्रोरेस प्रॉक्सी टेन एटी २५ फ्रेमला ३८ मेगाबिट, म्हणजे ५ एमबीच्या आतच. तीन कॅमेरे धरले तरी १५ एमबी होत नाहीत, चार एडिटर एका १ गिगाबिटवर सुखाने बसतील. ओरिजिनल फुटेजला फक्त ग्रेडचं मशीन हात लावणार, तेवढ्या एकट्या मॅकला १० गिगाबिटची वायर थेट नॅसमधून द्या, स्विचपण नको.

आम्ही फिक्शनचं काम असंच करतो, एडिटरला फोर केची काहीही गरज नसते, त्याला ॲक्टिंग आणि कट दिसला की झालं.

अजून एक, कॅमेरामनला सांगून ठेवा की सगळ्या कॅमेऱ्यांवर एसआयच ठेव. एखाद्याने एक्सएव्हीसी एचएस लावलं तर तो एच २६५ आहे, फाइल छोटी येते, नेटवर्कवर ओझं काहीच नाही, पण डिकोड करताना मशीन अडखळतं आणि सगळे नॅसला शिव्या घालतात. टाइमलाइन अडकली की आधी टास्क मॅनेजर उघडून बघा, नेटवर्कचा आलेख वर टेकलाय की प्रोसेसरचा.

रॅक_आणि_केबल

@प्रॉक्सी_वाला_दादर, सिरीजसाठी तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं, तिथे शूट आणि कट यांच्यात दिवस असतात. पण मुलाखतीच्या शोला रात्री पॅकअप झालं की सकाळी एडिट सुरू. तीन कॅमेऱ्यांचे प्रत्येकी दीड-दोन तास, त्याच्या प्रॉक्सी कोण बनवणार आणि तोपर्यंत एडिटर काय करणार? दोन्ही करता येईल असं नेटवर्क असावं एवढंच माझं म्हणणं आहे. १ गिगाबिटचा स्विच आज घेतला तर तो पहिल्याच प्रोरेसच्या प्रोजेक्टला बदलावा लागेल.

ग्रेडरूम_ठाणे

मी कलरिस्ट आहे, नेटवर्कबद्दल वरच्यांनी सांगितलंच, मी सॉफ्टवेअरच्या बाजूने सांगते कारण शेअर्ड स्टोरेज लावल्यावरही लाल स्क्रीन येतच राहते आणि लोक म्हणतात की एवढे पैसे घालून काय मिळालं.

सगळ्यात आधी पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता. तिन्ही विंडोजवर नॅसला एकच ड्राइव्ह लेटर द्या, सगळीकडे झेड म्हणजे झेड, कोणाकडे वाय नको आणि कोणाकडे डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमधून उघडलेलं नको. मॅकला ड्राइव्ह लेटर कळत नाही, पण रिझॉल्व्हच्या मीडिया स्टोरेजच्या सेटिंगमध्ये मॅप्ड माउंट म्हणून सोय आहे, तिथे विंडोजचा पाथ सांगून ठेवला की प्रीमियरमधून आलेली एक्सएमएल (टाइमलाइनची फाइल) सरळ जुळते. शेअरचं आणि फोल्डरचं नाव एकदा ठरलं की बदलायचं नाही. नावात स्पेस, स्लॅश, इमोजी काही नको, एपिसोडचा नंबर दोन आकडी किंवा तीन आकडी जे काय ते शेवटपर्यंत तसंच.

दुसरं, कॅश नॅसवर ठेवू नका. प्रीमियरची मीडिया कॅश, रिझॉल्व्हची रेंडर कॅश, सगळं प्रत्येक मशीनच्या आतल्या एनव्हीएमई एसएसडीवर. वेव्हफॉर्मच्या आणि प्रीव्ह्यूच्या हजारो बारीक फाइली असतात त्या, चार मशीननी मिळून नॅसवर लिहायला घेतल्या की ड्राइव्हची हेडं नुसती इकडून तिकडे पळत राहतात आणि फुटेज वाचणाऱ्याला ताटकळावं लागतं. आठ ड्राइव्हची कागदावर हजार-बाराशे एमबी होतात ना, ती एकच जण सलग वाचत असताना. चौघं चार ठिकाणचं मागायला लागले की त्याच्या बरंच खाली येतं.

तिसरं, प्रोजेक्ट. प्रीमियरमध्ये २०२० पासून प्रॉडक्शन्स नावाची सोय आहे, तेच वापरा. एक एपिसोड म्हणजे एक प्रोजेक्ट, सगळे एका प्रॉडक्शनमध्ये. एकाने उघडला की दुसऱ्याला तो कुलूप लावलेला दिसतो, वाचता येतो पण बदलता येत नाही, कोणाचं काम कोणावर चढत नाही. रिझॉल्व्हचा डेटाबेस मात्र नॅसवरच्या फोल्डरमध्ये ठेवून दोन मशीनवरून उघडू नका, तो प्रकार कधी ना कधी खराब होतोच. पुढे दुसरं ग्रेड मशीन आलं तर ब्लॅकमॅजिकचं प्रोजेक्ट सर्व्हर आहे, आत पोस्टग्रेस डेटाबेस चालतो, एका कायम चालू राहणाऱ्या मशीनवर लावायचं. आणि त्या डेटाबेसचा रोजचा बॅकअप वेगळा घ्यायचा, फुटेजचा बॅकअप घेतला म्हणजे ग्रेडचा झाला असं नाही.

व्हीएफएक्स आलं तर एक आकडा लक्षात ठेवा. १० बिट डीपीएक्सची (यात प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल असते) एक यूएचडी फ्रेम ३३ एमबीची असते, २५ फ्रेमला सेकंदाला ८३० एमबी. १० गिगाबिटच्या वायरमधून असा दुसरा स्ट्रीम जात नाही. अशा प्लेट्स (व्हीएफएक्सचे शॉट) मी काम सुरू करायच्या आधी लोकल एनव्हीएमईवर ओढून घेते.

कटपॉइंट_अंधेरी

मंडळी, इतकं सविस्तर सांगितल्याबद्दल मनापासून धन्यवाद. ९४ एमबीचं गणित वाचून व्हेंडरला फोन केला, तो म्हणाला सगळीकडे असंच लावतो. दुसऱ्यांकडून कोटेशन मागवतोय.

दोन शंका आहेत. एक, रेड ६ केल्यावर वेगळा बॅकअप खरंच लागतो का, दोन ड्राइव्ह गेले तरी चालतं ना? दुसरं, आमच्याकडे फॉल्स सीलिंगमध्ये आधीच्या भाडेकरूने टाकलेली कॅट ६ केबल आहे, ती काढून नवीन टाकावी लागेल का, मालक तोडफोड करू देत नाही.

डीआयटी_बोरिवली

@कटपॉइंट_अंधेरी, पहिल्या शंकेचं उत्तर मी देतो कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. हो, लागतो, आणि मी तर म्हणेन बजेट कमी पडलं तर ८ ऐवजी ६ ड्राइव्ह घ्या पण बॅकअपचे पैसे काढू नका.

रेड फक्त ड्राइव्ह मेला तर वाचवतो. असिस्टंटने चुकीचं फोल्डर डिलीट केलं तर रेड ६ ते इमानदारीत आठही ड्राइव्हवरून डिलीट करतो. नॅसचा बोर्ड गेला, चोरी झाली, आग लागली, पाणी शिरलं, रॅन्समवेअर (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आलं, यातल्या कशातही रेडचा उपयोग नाही. २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने क्यूनॅपची इंटरनेटवर उघडी ठेवलेली हजारो नॅस लॉक केली होती. म्हणून नॅस राउटरमधून बाहेर उघडायचं नाही, क्लायंटला घरून बघायचंय म्हणाला तरी नाही, फाइल अपलोड करून लिंक द्या. जमलं तर एडिटचं नेटवर्क इंटरनेटपासून वेगळंच ठेवा. नॅसमधले स्नॅपशॉट (त्या क्षणी फाइली कशा होत्या त्याची नोंद) चालू करा, दर तासाला एक घेतला तरी जागा फार खात नाही आणि चुकून डिलीट झालेलं दोन मिनिटांत परत मिळतं.

तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या मीडियावर, एक कॉपी दुसऱ्या जागी, हा नियम जुना आहे आणि मुंबईत तर तो तंतोतंत पाळायला हवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तुमचं ऑफिस तळमजल्यावर किंवा बेसमेंटला असेल तर नॅस जमिनीवर ठेवूच नका, टेबलाच्या खाली पण नको. आणि दुसरी कॉपी त्याच बिल्डिंगमध्ये ठेवली तर ती दुसऱ्या जागी ठेवलेली नाही, कोणाच्या तरी घरी डोंबिवलीला किंवा ठाण्याला ठेवा.

तुमच्या साइझला सुरुवातीला एक साधं, स्वस्त, कमी स्पीडचं दुसरं नॅस पुरे, रात्री आपोआप कॉपी होऊ द्या, एडिटरना त्याचा पासवर्डच नको. सिरीज आली की एलटीओ टेपचा विचार करा, एलटीओ ८ च्या एका टेपवर १२ टीबी बसतात, एलटीओ ९ वर १८. टेप स्वस्त पडते, टेपचा ड्राइव्ह महाग, म्हणून काही जण ड्राइव्ह भाड्याने घेतात किंवा बाहेरून टेप करून घेतात. कपाटात ठेवलेल्या टेपला व्हायरस लागत नाही. फक्त दमट हवेत उघडी ठेवू नका, हवाबंद डबा आणि आत सिलिका जेल.

कार्ड उतरवताना नुसतं कॉपी-पेस्ट नको, चेकसम होणारं, म्हणजे कॉपी मूळ फाइलशी जुळते का ते तपासणारं टूल वापरा. रिझॉल्व्हच्या मीडिया पेजवर क्लोन टूल आहे, ते चेकसमसकट कॉपी करतं आणि फुकट आहे. नॅस आणि बॅकअप दोन्हीकडे फाइल बरोबर उतरली हे दिसेपर्यंत कार्ड फॉरमॅट होणार नाही, हे प्रॉडक्शनला लेखी कळवा.

यूपीएस राहिलं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड फेल होऊन अख्ख्या मुंबईची लाइट गेली होती आणि उपनगरात कित्येक ठिकाणी ती यायला तासन् तास लागले. यूपीएसने तेवढा वेळ निघणार नाही, निघायची गरजही नाही, पण यूपीएसची यूएसबी वायर नॅसला लावून ठेवली की बॅटरी संपत आली की नॅस स्वतःहून व्यवस्थित बंद होतं. ही वायर लोक पाकिटातच ठेवतात.

रॅक_आणि_केबल

डीआयटी साहेबांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. फक्त ८ ऐवजी ६ घेतलेत तर बॉक्स ८ बेचाच घ्या, म्हणजे पुढे वाढवता येईल.

केबलचं. कॅट ६ वर १० गिगाबिट ५५ मीटरपर्यंत चालतं, ते पण केबल चांगली असेल आणि जुडगा करून कोंबलेली नसेल तर. १०० मीटरला कॅट ६ए लागते. तुमचं ऑफिस किती मोठं असणार, बहुतेक तोडफोड लागणार नाही. पण केबलवर छापलेलं वाचून विश्वास ठेवू नका, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल बाजारात खूप आहे. आधी फक्त मॅक आणि नॅस त्या केबलवर जोडा आणि आयपर्फ हे नेटवर्कचा स्पीड मोजणारं टूल चालवा, ९ गिगाबिटच्या वर स्थिर येत असेल तर केबल ठीक. मग ब्लॅकमॅजिकचं डिस्क स्पीड टेस्ट चालवा. हा क्रम पाळा, कारण आयपर्फ फक्त वायर मोजतं, दुसरं ड्राइव्ह धरून सगळं मोजतं, आणि दोन्हींत फरक आला की दोष कुठे आहे ते कळतं. नॅस आणि स्विच एकाच रॅकमध्ये असतील तर त्यांच्यात एसएफपी प्लस पोर्टची डॅक केबल (तांब्याची छोटी तयार केबल) लावा, स्वस्त पडते आणि तापत नाही.

जंबो फ्रेम (नेटवर्कवरून डेटा मोठ्या तुकड्यांत पाठवणं) लगेच चालू करू नका. नॅस, स्विच, चारही मशीन, सगळीकडे ९००० असेल तरच फायदा, एक जरी १५०० वर राहिलं की फाइली मध्येच लटकतात आणि कारण सापडत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ पासून एसएमबी सायनिंग (फाइल शेअर करताना डेटाच्या प्रत्येक तुकड्यावरची सही तपासणं) आपोआप सक्तीचं झालंय, एखाद्या विंडोज मशीनला बाकीच्यांपेक्षा कमी स्पीड येत असेल तर आधी तिथे बघा.

सिस्टिमचा माणूस नाही म्हणालात म्हणून सांगतो, ट्रूनॅस हे सॉफ्टवेअर घालून नॅस स्वतः बांधायच्या भानगडीत आत्ता पडू नका. त्यातली झेडएफएस फाइलसिस्टिम मला फार आवडते, पण रात्री दोनला काही अडलं तर फोन उचलणारा कोणी पाहिजे. तयार बॉक्स घ्या, ड्राइव्ह त्या मॉडेलच्या कम्पॅटिबिलिटी लिस्टमध्ये आहेत का ते घेण्याआधी बघा, लॅमिंग्टन रोडला दोन-तीन ठिकाणी रेट काढा, आणि सीरियल नंबर टाकून वॉरंटी भारतातली आहे हे दुकानातच तपासा. आठाच्या जोडीला एक ड्राइव्ह जास्तीचा घेऊन कपाटात ठेवा, शनिवारी रात्री ड्राइव्ह गेला तर सोमवारपर्यंत थांबावं लागणार नाही.

कटपॉइंट_अंधेरी

केबल तपासली, आयपर्फला ९.४ येतंय, सीलिंग वाचलं. नवीन कोटेशनमध्ये ८ बेचा बॉक्स, सध्या ६ ड्राइव्ह रेड ६ मध्ये आणि सातवा कपाटात, २.५ आणि १० चा मिक्स स्विच, बॅकअपसाठी ४ बेचं छोटं नॅस. ते माझ्या भावाकडे कल्याणला राहील, शनिवारी आणून कॉपी करून परत न्यायचं की इंटरनेटच्या लाइनवरून रात्री पाठवायचं ते ठरत नाहीये. आणि नॅस ठेवायला एडिट रूमच चालेल ना?

डीआयटी_बोरिवली

लाइनवरून पाठवायचं तर आधी तुमच्या ब्रॉडबँडचा अपलोड बघा. १०० मेगाबिटचा अपलोड पूर्ण मिळाला तरी दहा तासांच्या रात्रीत साडेचारशे जीबी जाईल. तुमच्या शोचा एका कॅमेऱ्याचा एक तास ११२ जीबीचा आहे, म्हणजे दोन तासांचं तीन कॅमेऱ्यांचं शूट पावणेसातशे जीबी, एका रात्रीत जाणार नाही. छोटं नॅस ऑफिसातच ठेवून रोज रात्री कॉपी होऊ द्या आणि कल्याणला एक्स्टर्नल ड्राइव्हची जोडी फिरवा, एक तिकडे असेल तेव्हा दुसरा इकडे. नॅस लोकलमधून नेऊ नका, धक्क्यांनी ड्राइव्ह जातील. प्रोजेक्ट फाइली मात्र बारीक असतात, त्या रोज लाइनवरून पाठवाच.

ग्रेडरूम_ठाणे

एडिट रूममध्ये नको. ड्राइव्हची घरघर दिवसभर कानात राहते आणि साउंड ऐकताना फार त्रास होतो. बाहेर पॅसेजमध्ये किंवा स्टोअरमध्ये ठेवा, पण बंद कपाटात नको, हवा खेळती पाहिजे. रात्री एसी बंद करून जाता तेव्हाच बॅकअप चालू असतो, मे महिन्यात त्या वेळचं ड्राइव्हचं तापमान नॅसच्या पॅनलमध्ये बघत जा, पन्नाशीकडे जायला लागलं तर छोटा एक्झॉस्ट लावून घ्या. आणि तापमान वाढलं किंवा ड्राइव्ह खराब झाला की ईमेल यायची सोय आत असते, ती पहिल्याच दिवशी चालू करा, तुमच्या आणि असिस्टंटच्या दोघांच्या आयडीवर. त्यासाठी नॅसमधून बाहेर जाणारी तेवढी एक वाट राउटरला ठेवावी लागेल, बाहेरून आत येणारी एकही नको.